मोटारघरातला डब्बा

सुलतानपूर, ता. लोणार
३ जून २०२४

बेटा प्रतीक्षा,

दुआ.

तुझा डब्बा ठेवला. काम फुकटात झालं असं तुला वाटत असेल, म्हणून आधी हिशोब सांगतो. तू जर्मनीहून आणलेली प्लास्टिकची डबी मी हातात घेऊन दाबून पाहिली. आपल्या उन्हात ती दिवाळीपर्यंत पापडासारखी मोडली असती. म्हणून तुझ्या आईकडून झाकणाचा स्टीलचा डब्बा मागून आणला. वहिनींनी विचारलं, कशाले पाहिजे. कोणाला सांगायचं नाही हा तुझा नियम, म्हणून मी म्हटलं, नसीमाला लोणचं घालायचंय. वहिनी डब्बा रिकामा कसा देतील? त्यांनी मुगवड्या भरून दिला. घरी नसीमा म्हणाली, वड्या आल्या, आता लोणचं गेलंच पाहिजे, नाहीतर तुम्ही खोटं बोलला हे उघड होईल. मग कैऱ्या आल्या, तेल आलं, मोहरीची डाळ आली, आणि मदतीला नसीमाची बहीण आली. ती आठवडाभर राहिली. तर तुझा फुकटचा डब्बा मला एक बरणी लोणचं आणि एक आठवडा मेव्हणी, इतक्याला पडला.

हे फोनवर लिहीत नाही, त्याला कारण आहे. माझा फोन दिवसभर दुकानाच्या काउंटरवर असतो. ज्याची मोटार जळाली तो येतो, रिवायंडिंग होईस्तोवर बसतो आणि बसल्या बसल्या माझा फोन वाचतो. माझ्या साडूचं भांडण अर्ध्या गावानं माझ्याआधी वाचलं होतं. पाकिटाला निदान डिंक असतो.

डब्बा तू दाखवलेल्या जागीच आहे, तुमच्या लोणार रोडच्या वावरातल्या विहिरीजवळच्या मोटारघरात, मागच्या भिंतीच्या कोनाड्यात, पुढे सैल दगड. तू तलाठ्याच्या परीक्षेचा अभ्यास तिथंच करायचीस, हे मला आठवतं. तिथली मोटार मीच बसवली होती. तू लिहिलेला नियमांचा कागद झाकणाच्या आतून चिकटवला. नावं लिहायचा कागद, पेन्सिल आणि तुझं होकायंत्र आत ठेवलं. आणि झाकणाला मी सबमर्सिबलचं रबरी वायसर बसवलं. हे वायसर मी पाचशे फुटांवर पाण्याखाली बसवतो आणि लोक दहा दहा वर्षं परत येत नाहीत. उद्या सुलतानपुरात समुद्र आला तरी त्या डब्ब्यात थेंब जाणार नाही. लिहून ठेव.

खेळ मला समजला आहे. कोणीतरी डब्बा लपवतो आणि जागेचे आकडे इंटरनेटवर टाकतो. दुसरा कुठून तरी गाडीभाडं खर्चून येतो, डब्बा शोधतो, नाव लिहितो, डब्बा होता तसा ठेवतो आणि घरी जातो. बक्षीस नाही. मी तुला दोनदा विचारलं होतं. बक्षीस नाही.

तुझे वडील तू गेलीस त्याच दिवशी उंद्रीहून परत आले. तुझी गाडी मेहकरला पोचली नसेल. घरात शिरल्यावर त्यांनी विचारलं, वरच्या खोलीतला पंखा कोणी चालू ठेवला. दुसरं काही विचारलं नाही.

तुझा चाचा,
जहांगीर


लायप्झिग
२४ जून २०२४

जहांगीर चाचा,

सलाम. नसीमा चाचीला सांगा, लोणच्याचं पाप माझ्या माथी.

आईच्या डब्ब्याचं वाचून थोडी काळजी वाटली. आपल्याकडे लग्नाकार्यात आलेल्या भांड्यांवर नाव कोरलेलं असतं. त्या डब्ब्यावर काही नाही ना?

दुसरं, या खेळात एक शिस्त आहे. आजूबाजूला खेळाबाहेरची माणसं असली तर डब्ब्याला हात लावायचा नाही. आपण भलतंच काहीतरी करतोय असं दाखवायचं, फोनवर बोलायचं, बुटाची नाडी बांधायची, आणि माणसं गेली की काढायचा. तुम्ही देखरेखीला जाल तेव्हाही तसंच करा. मी इथे बागेतल्या बाकाखालून एक डबी काढली, तेव्हा एक बाई बाकावरून उठेपर्यंत तासभर झाडं बघत बसले होते. ती बाईसुद्धा तेच करत होती, हे नंतर कळलं. तिलाही डबीच पाहिजे होती.

तिसरं जरा अवघड आहे. खेळाची वेबसाइट चालवणाऱ्यांचे तपासनीस असतात. डब्बावाली परदेशात राहते, म्हणून त्यांनी गावात देखरेख करणारा मागितला. तुमचं नाव दिलं, ते मान्य झालं. आता जागेच्या मालकाची परवानगी पाहिजे म्हणतात. मालक म्हणजे बाबा.

तलाठ्याची नोकरी सोडली त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून बाबा माझ्याशी बोललेले नाहीत. मी फोन केला की ते आईला म्हणतात, "तुह्या पोरीचा हाय," आणि फोन देतात. मे महिन्यात मी आले तर ते आत्याकडे उंद्रीला गेले. मी ज्या खोलीत राहिले तिथे बस स्टँडवरचा तो अभिनंदनाचा बॅनर घडी करून ठेवलेला होता. मी नोकरी केली तीन महिने, बॅनर त्याहून जास्त दिवस लागलेला होता. मोटारघरातला तो डब्बा म्हणजे सुलतानपुरात माझं म्हणता येईल असं आता तेवढंच आहे. तो बंद पडू नये असं मला फार वाटतं. तुम्ही बाबांशी बोलाल का? ते माझ्याबद्दल काही विचारतात का?

तुमची,
प्रतीक्षा


सुलतानपूर
११ ऑगस्ट २०२४

बेटा प्रतीक्षा,

दुआ. पावसामुळे उशीर झाला. यंदा वीज धड येत नाही आणि मोटारी धडाधड जळतात. म्हणजे धंदा चांगला आहे.

नाव आहे, पण बुडाला आहे. डब्ब्याचं बूड कोण पाहतं?

तुझे पहिले गिऱ्हाईक येऊन गेले. पुण्याचे नवरा-बायको, लोणारचं सरोवर पाहायला आले होते. मी समोर नव्हतो, पण शेषराव दुकानात मोटार घेऊन आला आणि त्यानं मला सगळं सांगितलं. त्याचं वावर तुमच्या धुऱ्याला लागून आहे. या दोघांनी गाडी रस्त्याला लावली आणि तुझ्या शिस्तीप्रमाणे भलतंच काहीतरी करायला लागले. शेषराव गेला, म्हणाला, गाडी बंद पडली का? नाही. मंग उभे काऊन? ते म्हणाले, निसर्ग बघतोय. शेषरावानं वळून आपलं सोयाबीन पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं. उन्हाचा त्रास झाला असेल म्हणून त्यानं घरून दोन खुर्च्या आणवल्या, पाणी आणवलं, चहा आणवला. नवरा फोनवर बोलायला लागला, तर शेषराव म्हणाला, इथं रेंज नाही, रोडवर या. बुटाची नाडी बांधायला लागला, तर हा खाली बसून बांधून द्यायला निघाला. तासभर ती दोघं मोटारघराकडे तोंड करून खुर्चीवर बसली. शेवटी बैल सुटला म्हणून शेषराव उठला, तेव्हा कुठे त्यांचं काम झालं असेल. बेटा, तुझी शिस्त जर्मनीसाठी बरोबर आहे. इथं माणूस काही न करता उभा राहिला की चार माणसं गोळा होतात. त्यांना सांग, हातात खुरपं घेऊन यावं. कोणी विचारणार नाही.

डब्ब्याची काळजी करू नको. दर पंधरा दिवसांनी माझी चक्कर असते. आत सगळं कोरडं.

तुझ्या वडिलांचं लिहितो. जूनच्या शेवटी, पहिला मोठा पाऊस झाल्यावर, ते माझ्या दुकानी आले. एरवी येत नाहीत. बराच वेळ नुसते बसले. मला वाटलं, आता तुझं विचारतील. मी फोनसुद्धा उलटा करून ठेवला. उठता उठता म्हणाले, सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा हाय का बे. दिला. त्यांच्याकडे सायकल नाही.

परवानगीचं म्हणशील तर मिळाल्यात जमा धर. चौथीपासून एका बाकावर होतो आम्ही. त्याचा होकार मला न विचारता कळतो.

जहांगीर


लायप्झिग
७ सप्टेंबर २०२४

जहांगीर चाचा,

सलाम. आभार कसे मानू ते कळत नाही. पुण्याच्या जोडप्यानं वेबसाइटवर लिहिलेलं तुमच्यासाठी उतरवून काढते: "इतका नीट सांभाळलेला डब्बा आम्ही देशात पाहिला नाही. बाहेर धो धो पाऊस पडून गेलेला, आत कागद कोरडा. स्वच्छ धुतलेल्या कापडात गुंडाळलेला, वर गाठ. किडे लागू नयेत म्हणून धान्यात घालतात तसा कडुलिंबाचा पाला. पेन्सिलीला टोक केलेलं. देखरेख करणाऱ्यांना नमस्कार. खुर्च्या आणि चहाबद्दलही आभार, तो खेळाचा भाग होता की नाही ते कळलं नाही."

चाचा, कापड आणि पाला हे मी सांगितलंही नव्हतं. तुम्ही एवढं कराल असं वाटलं नव्हतं.

पण परवानगी 'मिळाल्यात जमा' चालत नाही. मी तपासनिसाला तसं कळवलं, तर तो म्हणतो लेखी पाहिजे. जानेवारीअखेर कागद आला नाही तर डब्बा यादीतून काढतील. मग तिथे कोणी येणार नाही आणि मलाही काही कळणार नाही. सध्या मी आठवड्यातून दोनदा ते पान उघडते. नवीन काही नसलं तरी मोटारघराचा फोटो असतो.

इथल्या माझ्या ऑफिसातला एक सहकारी आणि त्याची बायको नोव्हेंबरात लोणारला येणार आहेत. त्यांना खुरप्याचं सांगितलं. त्यांनी ते विकत घ्यायला सुरुवात केली, म्हणून मग राहू दे म्हटलं.

प्रतीक्षा


सुलतानपूर
३ ऑक्टोबर २०२४

बेटा प्रतीक्षा,

दुआ. आभार मानू नको. झाडाखाली पंक्चरची पेटी मांडून सुरुवात केलेला माणूस आहे मी. हातात घेतलेलं काम नीट करायची सवय आहे. कापडाचं म्हणशील तर घरात कापड असतंच. कडुलिंब तर मोटारघराच्या मागेच आहे. कागद कोरडा राहिला यात मात्र नवल नाही. वायसरचं मी तुला आधीच लिहिलं होतं.

परवानगीसाठी बाजाराच्या दिवशी तुझ्या वडिलांना गाठलं. एकदम विषय काढला तर बिचकतील, म्हणून सोयाबीनच्या भावापासून सुरुवात केली. भावावरून पावसावर आलो, पावसावरून विहिरीवर, आणि मग म्हटलं, कडूबा, तुझ्या मोटारघराचं जरा बोलायचं होतं. ते म्हणाले, "मोटारघर इकायचं नाही," आणि पिशवी उचलून निघून गेले. विकत कोणी मागितलं? विहीर आटली तेव्हापासून ते तिकडे फिरकतसुद्धा नाहीत, आणि म्हणे विकायचं नाही.

लेखी म्हणजे जरा जड जाईल. त्यांना लिहिता येत नाही असं नाही. पीकविमा, फेरफार, रस्त्याचा वाद, आजवर त्यांनी तहसीलला जेवढे अर्ज केले तेवढे आख्ख्या गावानं केले नसतील, आणि मायना ते कधी चुकले नाहीत. पण हा कागद तुला द्यायचा आहे, तिथं गाडी अडते. दिवाळी जाऊ दे. गोड खाल्ल्यावर पुन्हा बोलतो.

जहांगीर


लायप्झिग
२ डिसेंबर २०२४

जहांगीर चाचा,

सलाम. माझा सहकारी आणि त्याची बायको परत आले. त्यांनी वेबसाइटवर जे लिहिलं ते वाचून मी तुम्हाला लगेच फोन करणार होते, पण काउंटर आठवला.

ते दोघं मोटारघरात गेले तेव्हा आत एक म्हातारे गृहस्थ पोत्यावर बसून दोरी वळत होते. पांढरी टोपी, धोतर. दोघं आपली शिस्त पाळून भिंतींचे फोटो काढू लागले. गृहस्थांनी काही विचारलं नाही, खुर्ची आणली नाही, चहा आणला नाही. शेवटी यांनी धीर करून समोरच्या भिंतीचे दगड चाचपायला सुरुवात केली. तर ते खोकले. हे डावीकडे सरकले, ते परत खोकले. मागच्या भिंतीकडे आले तसा खोकला थांबला. चुकून कोनाड्याच्या पुढे गेले, तर परत सुरू. असं करत डब्बा सापडला. नाव लिहून, डब्बा कापडात बांधून जागेवर ठेवेपर्यंत ते दोरीकडेच बघत होते. हे दोघं निघाले तेव्हा त्यांनी उठून दगड तळहाताएवढा डावीकडे सरकवला आणि परत बसले. माझ्या सहकाऱ्यानं लिहिलंय, "इथले देखरेख करणारे खेळाचे नियम आमच्यापेक्षा कडक पाळतात."

त्यांना वाटलं, ते तुम्हीच. चाचा, तुम्ही धोतर नेसत नाही.

फोटोत फक्त पाठ आली आहे. मी कोणाचं नाव लिहीत नाही, चूक असलं तर मला परत फोटो बघवणार नाही. तुम्ही जाऊन बघून या. आणि कागदाचं बघा. जानेवारी आता जवळ आला.

प्रतीक्षा


सुलतानपूर
२८ डिसेंबर २०२४

बेटा प्रतीक्षा,

दुआ. पत्र मिळालं त्याच दिवशी दुकान बंद करून मोटारघरात गेलो. आता खरं लिहितो: जूननंतर मी तिथं गेलोच नव्हतो. आधी मोटारींचा सीझन होता, नंतर सवय मोडली. कापड माझं नाही, पाला माझा नाही, पेन्सिलीचं टोक माझं नाही. तू आभार मानत गेलीस आणि मी घेत गेलो.

आत झाडून काढलेलं. पोतं अंथरलेलं. त्यावर तुझे वडील.

मी सरळ मागच्या भिंतीकडे गेलो. ते म्हणाले, "काय पाहून राह्यला?"

"डब्बा."

"कोणता डब्बा?"

"कडूबा, त्या कोनाड्यातला."

"मले कोण्या डब्ब्याचं माहीत नाही."

मी दगड काढून डब्बा त्यांच्यापुढे धरला. त्यांनी डब्ब्याकडे पाहिलं नाही. दारातून रस्त्याकडे पाहिलं, कोणी येत नाही ना ते. मग हळूच म्हणाले, "ठेव बे तो आधी. कोणाले सांगायचं नाही असं झाकणात लिहिलं हाय."

"मीच ठेवला होता तो."

"मंग तुले तरी नियम माहीत पाहिजे."

एवढ्या वर्षांत या माणसाचं मी पुष्कळ ऐकून घेतलं, पण माझ्याच डब्ब्याचे नियम त्यानं मला शिकवावेत हे पहिल्यांदा झालं. जर्मनीचे पाहुणे खोकल्याबद्दल काय लिहून गेले ते त्यांना सांगितलं. ते म्हणाले, थंडी होती. मग मी आडून न जाता सरळ सांगितलं, तपासनीस लेखी मागतो, जानेवारीअखेर नाही दिलं तर डब्बा बंद. ते दोरी वळत राहिले. मोठ्यानं श्वाससुद्धा घेतला नाही. माझे कान मोटारीत गेलेलं बेअरिंग बाहेरून ओळखतात. पण त्या शांततेतून मला काही कळलं नाही.

मग दोरीला गाठ मारून म्हणाले, "तिनं मागितली का?"

"तिनंच मागितली."

"मह्याकडून?"

"जागा तुही हाय ना."

मी पोत्यावर थोडा वेळ बसलो आणि निघालो. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी ते शटरपाशी उभे होते. हातात चिकटवलेलं पाकीट. म्हणाले, तुह्या पाकिटात घालून धाड, परदेशाचं तिकीट मले समजत नाही. ते सोबत घातलं आहे. मी उघडलेलं नाही. उजेडात धरून पाहिलं, पण कागद जाड आहे.

जाता जाता एक गोष्ट मात्र तुझ्या ध्यानात आली पाहिजे. मी सात महिने गेलो नाही, मधे पूर्ण पावसाळा गेला, आणि तरी आतला कागद कोरडा. माणूस गेला नाही तरी चालतं, त्याला वायसर म्हणतात.

तुझा चाचा,
जहांगीर


सुलतानपूर
दि. २७/१२/२०२४

प्रति,
कु. प्रतीक्षा कडूबा सरकटे,
माजी तलाठी,
मु. लायप्झिग, जर्मनी.

विषय : मोटारघरात डब्बा ठेवण्यास परवानगी देणेबाबत.
संदर्भ : आपली मागणी, जहांगीरमार्फत तोंडी.

महोदया,

उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, लोणार रोडवरील माझ्या मालकीच्या शेतातील पडीक मोटारघरात आपण मे महिन्यात डब्बा ठेवण्याचे ठरविले, तेव्हा माझी परवानगी घेतलेली नाही. मी त्या वेळी गावात नव्हतो, ही बाब मला मान्य आहे. सबब सदर परवानगी मागील तारखेपासून देण्यात येत आहे.

सदर डब्बा जून महिन्यात केसरबाईंना शेळ्या चारताना सापडला. बुडाला तुझ्या आईचे नाव असल्याने त्यांनी तो इमानदारीने घरी आणून दिला. रिकामा कसा द्यावा म्हणून त्यात गुळाचा खडा घातला होता. डब्ब्यात खाण्याची वस्तू ठेवू नये असे झाकणात तुझ्या अक्षरात लिहिलेले असल्याने गूळ मी खाल्ला. जिथून घेतला तिथेच ठेवावा असेही लिहिलेले असल्याने डब्बा नेऊन ठेवला. केसरबाईंना समज दिली आहे. तुझी आई डब्बा कुठे आहे म्हणून विचारते. नसीमाभाभीकडे आहे असे मी सांगतो.

वस्तू घेतल्यास तेवढ्याच तोलाची वस्तू ठेवावी असा नियम आहे. त्यातील होकायंत्र मला पाहिजे होते. तेवढ्या तोलाची वस्तू घरात सापडली नाही, म्हणून ते आतच आहे.

परदेशी पाहुण्यांना मी काही सांगितलेले नाही. मला खोकला होता.

परवानगी एक वर्षापुरती आहे. नूतनीकरणासाठी अर्जदाराने स्वतः समक्ष हजर राहावे. जहांगीरमार्फत आलेला अर्ज विचारात घेतला जाणार नाही. तारीख आधी कळवावी. मी उंद्रीला जाणार नाही.

कळावे,
कडूबा सरकटे
(जागामालक)

ता. क. जहांगीरने बसवलेले वायसर पहिल्याच पावसात गळले. तेव्हापासून झाकणाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा आहे.